बटण शेवटी दाबा : सोलापूरच्या घरात डिशवॉशरची कोणती सायकल कशाला

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा आहे. घरात सहा माणसं, नुकताच तेरा सेटिंगचा, म्हणजे तेरा जणांची ताट-वाटी मावेल असा, डिशवॉशर घेतलाय. सुरुवातीला क्विक लावून पाहिलं, तर कढईचा चिकटपणा आणि वाट्यांवरचा रश्श्याचा तवंग जाईना. म्हणून आता रोज इन्टेन्सिव्ह लावतात. कढई निघते, पण स्टीलच्या ताटांवर पांढरे ठिपके येतात आणि काचेचे ग्लास धुरकट दिसतात. घरातली ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ‘भांडीवाल्या मावशींचा हात बरा होता की.’ तर कोणत्या भांड्यांना नेमकी कोणती सायकल लावायची, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी सोलापूर आणि आसपासच्या भागात डिशवॉशर बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतो. आधी थोडक्यात सांगतो, मग कारणं. रोजच्या ताट-वाट्यांना इको. मटण, तळण, तुपातलं काही झालं असेल त्या दिवशी इन्टेन्सिव्ह. चहा-पोहे झाले आणि तीच भांडी लगेच परत हवी आहेत, तेवढ्यापुरतं क्विक. नाजूक काच वेगळी जमवून ४० अंशांच्या ग्लास सायकलवर. आणि ते पांढरे ठिपके कुठल्याच सायकलनं जायचे नाहीत, कारण ते पाण्याचे आहेत. त्यावर खाली बरंच लिहिलंय, कारण आपल्याकडच्या बहुतेक तक्रारी तिथंच येऊन थांबतात.

सायकल म्हणजे शेवटी चार गोष्टींचं माप. पाणी किती गरम, वेळ किती, पाण्याचा मारा किती जोरात आणि पावडरीचा गुण किती. जर्मनीच्या हेन्केल कंपनीतले हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये या चार गोष्टी एका वर्तुळात मांडल्या, आणि धुलाईच्या धंद्यात अजून तेच वर्तुळ शिकवतात. एक वाटा कमी केला की दुसरा वाढवावा लागतो. इको सायकल पाणी ५० अंशांच्या आसपासच ठेवते आणि कमी पडलेलं वेळेनं भरून काढते, म्हणून ती साडेतीन-चार तास चालते. इन्टेन्सिव्ह ७० अंशांपर्यंत जाते आणि दोन-सव्वादोन तासांत उरकते. क्विक वेळ आणि उष्णता दोन्ही कापते. ४५ अंश, अर्धा तास, झालं. मग घाण काढायची कुणी? एकट्या पावडरीनं, आणि तिलाही विरघळायला पुरता वेळ नाही.

‘चार तास चालते म्हणजे केवढं बिल येईल’ ही भीती मी प्रत्येक घरात ऐकतो. डिशवॉशरमध्ये वीज खाते ती पाणी तापवणारी कॉइल. पंप नुसता फिरत असतो तेव्हा त्याचं खाणं किरकोळ असतं. इकोला मॉडेलनुसार साधारण एक युनिटच्या आत-बाहेर वीज आणि नऊ-दहा लिटर पाणी लागतं. इन्टेन्सिव्हला वीज त्याच्या दीडपट होऊ शकते आणि पाणीही दोन-चार लिटर जास्त जातं. रात्री जेवणं उरकल्यावर इको लावून झोपलं, तर तिला चार तास लागले की सहा, तुम्हाला काय फरक पडतो?

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक भांडी किती आहेत हे बघून सायकल ठरवतात. मशीन गच्च भरलं की इन्टेन्सिव्ह, अर्धं असलं की क्विक. त्यापेक्षा भांड्याला काय चिकटलंय आणि ते कधीपासून वाळतंय, हे बघा. गच्च भरलेलं पण ताज्या वरण-भाताचं मशीन इकोवर लख्ख निघतं. सकाळची पिठल्याची कढई रात्रीपर्यंत कोरडी पडली असेल, तर ती एकटी असली तरी क्विकला दाद देत नाही.

चिकटलेल्याचे प्रकार आपल्या जेवणात थोडेच आहेत, पण प्रत्येकाची खोड वेगळी. भात, पिठलं, आमटी, उपासाची साबुदाणा खिचडी हा सगळा पिष्टाचा कारभार. वाळला की खळीसारखा बसतो. त्याला उकळतं पाणी लागत नाही, भिजायला वेळ लागतो आणि पावडरीतली विकरं (एन्झाइम) लागतात. चांगल्या पावडरीत पिष्ट तोडणारं एक आणि प्रथिनं तोडणारं एक, अशी दोन विकरं असतात. त्यांना ५०-५५ अंशांचं पाणी मानवतं. त्याच्या फार वर गेलं की ती हळूहळू निकामी होतात. म्हणून वरण-भात-आमटीच्या ताटांना रोज ७० अंशांत घालून काहीच जास्तीचं पदरात पडत नाही.

दूध, दही, अंडं हा दुसरा प्रकार. अंड्याचा पांढरा ६० अंशांच्या पुढं घट्ट व्हायला लागतो, हे ऑम्लेट करणाऱ्याला सांगायला नको. भांड्याला लागलेलं अंडंही तसंच वागतं. दुधाच्या पातेल्याच्या बुडाला धरलेली साय उलथन्यानं खरवडून टाका, गार पाण्याचा एक हबका मारा आणि इको किंवा ऑटोला लावा. सासरी-माहेरी सगळीकडे दुधाच्या पातेल्यात गरम पाणी ओतून ठेवायची सवय असते. मशीनमध्ये घालायच्या पातेल्याला गार पाणीच बरं.

तिसरा प्रकार म्हणजे स्निग्ध, आणि तुमची खरी अडचण इथं आहे. आपल्याकडे रोजची फोडणी शेंगदाणा तेलाची असते. ते गारठ्यातही पातळच राहतं, त्यामुळं इकोत सहज सुटतं. मटणाची चरबी मात्र साधारण ४५-५० अंशांच्या आसपास पातळ होते. म्हणजे क्विकच्या ४५ अंशांत ती धड वितळत नाही. थोडी सुटते, पाण्यावर तरंगते आणि शेवटच्या खळबळीत पाणी निवलं की प्लॅस्टिकच्या झाकणांवर, मशीनच्या रबरावर जाऊन परत बसते. डब्याला हात लावला की मेणचट लागतो तो हाच थर. सुक्क्या मटणाची कढई, रश्श्याचं पातेलं, वनस्पती तुपातल्या तळणाचा झारा असल्या दिवशी इन्टेन्सिव्हशिवाय पर्याय नाही. मात्र हे महिन्यातून किती दिवस होतं? तेवढेच दिवस ते बटण दाबायचं.

करपलेली खरवड हा चौथा प्रकार, आणि त्यात मशीनला ओढू नका. अन्न जळून कोळसा झालं की ते विकरांच्या, सोड्याच्या, कुणाच्याच हाती लागत नाही. रात्रभर भिजवा, लाकडी उलथन्यानं सोडवा, मग मशीनमध्ये घाला. एका करपलेल्या पातेल्यासाठी अख्ख्या घरच्या भांड्यांना ७० अंशांची शिक्षा द्यायची नाही. ते एक पातेलं हातानं घासा आणि बाकीच्यांना इको लावा, हे मी ज्याला त्याला सांगतो आणि निम्मे लोक ऐकत नाहीत.

पिठाच्या परातीचं वेगळं सांगायला हवं. ज्वारीच्या पिठाची परात वाळली की पापुद्रे आपसूक सुटतात. ते कचऱ्यात झटका. गव्हाच्या कणकेत चिकटा असतो, ती गरम पाण्यानं आणखी लडबडते आणि तिचे तंतू फिल्टरच्या जाळीवर बसतात. परात आधी कोरडी खरवडून घ्यायची. शिवाय मोठी परात खालच्या रॅकमध्ये आडवी टाकली की वर पाणीच जात नाही, आणि वरच्या वाट्या कोरड्या राहतात. मग लोक म्हणतात सायकल कमजोर आहे. परात कडेला उभी करा. भांडी लावून झाल्यावर पाणी फवारणारा वरचा आणि खालचा भोकांचा पंखा हातानं एकेकदा फिरवून बघा. कुठं उलथन्याचा दांडा अडत असेल तर तिथंच कळतं.

आणि शेंगा चटणी. सोलापुरात राहून ती ताटात नाही असं होत नाही, आणि माझ्या धंद्याला तिचा मोठा हातभार आहे. कुटलेल्या शेंगदाण्याची तेलकट भरड फिल्टरच्या बारीक जाळीवर लिंपल्यासारखी बसते. पाणी खाली जायचं थांबतं, पंप तेच घाण पाणी पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारतो आणि ग्लासांच्या तळाशी तपकिरी कणी उरते. एका घरी तक्रार होती की इन्टेन्सिव्ह लावूनही वरची रॅक स्वच्छ होत नाही. वरचा पंखा काढून कानाजवळ हलवला तर आत मोहरी वाजत होती, खुळखुळा जसा. मोहरी गोल असते, ती घरंगळत आत राहते. पण जिरं भोकात आडवं अडकतं, आणि त्या पंख्याची चार भोकं जिऱ्यानं बुजलेली होती. टाचणीनं काढलं, नळाखाली पंखा उलटसुलट धरून धुतला, संध्याकाळी इकोवर भांडी निघाली. तेव्हा ताटं नळाखाली धुऊन घालू नका, पण चटणी, कढीपत्ता, मिरचीचे देठ, लिंबाच्या बिया बोटानं कचऱ्यात सारा. आपल्याकडच्या जेवणाला फिल्टर आठवड्यातून एकदा तरी काढून जुन्या टूथब्रशनं घासावा लागतो. माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यानं शेंगा चटणी खाल्लेली नसते.

चहाच्या कपांचे आणि गाळण्याचे तपकिरी डाग जात नसतील तर सायकल बदलायच्या आधी तुम्ही काय घालता ते बघा. तो रंग उडवायला ब्लीच लागतं. ते पावडरीत आणि टॅब्लेटमध्ये असतं, बहुतेक जेलमध्ये नसतं. जेल घालून ७० अंशांवर लावलं तरी कप तसाच राहील. पावडर घालून इकोवर जाईल.

ऑटो सायकलबद्दल खूप जण विचारतात, ‘मशीनलाच ठरवू दे की.’ ठरवू दे, पण ते काय बघून ठरवतं हे माहीत असू द्या. सुरुवातीच्या खळबळीनंतर मशीनमधला एक सेन्सर पाण्यातून उजेड आरपार पाठवून पाणी किती गढूळ झालंय ते मोजतो आणि त्यावरून उष्णता व पाणी ठरवतो, साधारण ४५ ते ६५ अंशांच्या मध्ये. म्हणजे त्याला पाण्यात उतरलेली घाण दिसते; कढईला घट्ट चिकटून बसलेली दिसत नाही. दुपारपासून वाळलेल्या पिठल्याच्या कढया पहिल्या पाण्यात काहीच सोडत नाहीत, पाणी निवळ दिसतं आणि ऑटो बिचारं हलकी धुलाई ठरवून मोकळं होतं. उलट ताज्या आमटीच्या दोन वाट्या हळदीनं पाणी पिवळं करतात आणि ते उगाच जोर लावतं. जेवणं झाल्यावर तासाभरात लावणार असाल तर ऑटो छान. दिवसभर साठवून रात्री लावणार असाल तर इको, कारण भिजवायला वेळ देते.

साठवून लावणाऱ्यांसाठीच प्री-रिन्स दिलेलं असतं. दहा-पंधरा मिनिटांचं नुसतं पाणी, चारेक लिटर, पावडर घालायची नाही. दुपारची भांडी आत ठेवून ते एकदा फिरवलं की रात्रीपर्यंत काही वाळत नाही आणि उन्हाळ्यात वासही मारत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी बंद मशीनमध्ये खरकटं ठेवणं म्हणजे काय, ते उघडल्यावर कळतं. हाफ लोड नावाला निम्मं आहे, पाणी आणि वीज निम्मी होत नाहीत, थोडीफारच वाचतात. सहा माणसांच्या घरात त्याची गरजही पडू नये. वेळ कमी करणारं एक्स्प्रेससारखं जोडबटण असतं, ते तास वाचवतं पण त्याची किंमत विजेत आणि पाण्यात वसूल करतं.

क्विक लावायचंच असेल तर टॅब्लेट घालू नका, पावडर घाला. अर्ध्या तासात टॅब्लेट पुरती विरघळत नाही आणि उरलेला गोळा तळाशी सापडतो. क्विकमध्ये बहुधा सुकवण्याचा टप्पा नसतो हेही धरून चाला. भांडी ओली निघणारच, पुसून घ्यावी लागणार. टॉवेलाच्या गावात राहतो, एक वेगळा ठेवा त्यासाठी. नवा कोरा नको, त्याचे धागे काचेला चिकटतात.

आता पाणी. सोलापूर शहराला उजनीचं पाणी आहे, टाकळीहून भीमेचं आहे, हिप्परग्याच्या तलावाचंही आहे. पण नळ रोज येत नाही. मधल्या दिवसांत सोसायटीचा बोअर चालतो, उन्हाळ्यात टँकर येतो, आणि हे सगळं गच्चीवरच्या एकाच टाकीत मिसळतं. म्हणजे सोमवारी तुमच्या मशीनला एक पाणी मिळतं आणि गुरुवारी दुसरं. काळ्या पाषाणातून मुरत आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की ते वेगळे होऊन स्टीलवर, काचेवर, कॉइलवर बसतात. तुम्ही पाणी जितकं जास्त तापवाल तितके ते जास्त बसतात. म्हणजे ठिपके घालवायला इन्टेन्सिव्ह लावणं हा ठिपके वाढवायचा मार्ग आहे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. डिशवॉशरला २०० सुद्धा जडच. म्हणून त्याच्या पोटात एक सॉफ्टनर असतो. त्यातले रेझिनचे मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं ते धुऊन परत ताजे करावे लागतात. सॉल्ट घालायचं ते यासाठी. भांडी धुण्याशी त्या मिठाचा थेट संबंध नाही.

हा सॉफ्टनर किती वेळानं मिठानं धुवायचा, हे मशीनला तुम्ही सांगायचं असतं. ती पाण्याच्या कठीणपणाची सेटिंग, आणि बसवून देणारा पुष्कळदा ती कंपनीतून आली तशीच सोडून जातो. बहुतेक माहितीपुस्तिकांत हा आकडा जर्मन अंशांत असतो. एक जर्मन अंश म्हणजे १७.८ पीपीएम, आणि पीपीएम म्हणजे लिटरला तेवढेच मिलिग्रॅम. समजा तुमच्या बोअरचं पाणी ५३० पीपीएम निघालं, तर भागून ३० अंश आले. पुस्तिकेतल्या तक्त्यात ३० ज्या पातळीत बसतं ती पातळी लावायची. पाणी मिसळून येत असेल तर बोअरच्या दिवसाचा आकडा धरा, उजनीच्या दिवसाचा नको. मोजायला थेंब टाकून रंग बघायचं किट किंवा पट्टी मिळते. आरओवाला जो पेन पाण्यात बुडवून आकडा दाखवतो तो टीडीएसचा असतो. त्यात मीठ, सोडा सगळंच मोजलं जातं, कठीणपणा किती ते त्यातून कळत नाही.

‘आम्ही ऑल-इन-वन टॅब्लेट घालतो, त्यात सॉल्ट असतं’ हे मी रोज ऐकतो. त्या टॅब्लेटचं पाणी मऊ करायचं काम साधारण २१ जर्मन अंशांपर्यंतच चालतं, म्हणजे ३७५ पीपीएमच्या आसपास. बोअर त्याच्या पुढं असेल तर मशीनमधल्या सॉल्टच्या डब्यात वेगळं सॉल्ट घालावंच लागेल. ते डिशवॉशरचंच घाला. घरातल्या मिठात आयोडीन आणि गोळा होऊ नये म्हणून घातलेले पदार्थ असतात, बाजारातल्या खडे मिठात माती आणि तेच क्षार असतात जे आपल्याला काढायचे आहेत. सॉल्ट भरायचं ते सायकल लावायच्या अगदी आधी, कारण भरताना सांडलेलं मिठाचं पाणी तळाशी तसंच राहिलं तर स्टीलला टोचून खड्डे पाडतं. सेटिंग वाढवली की मशीन मणी धुवायला काही सायकलींना तीन-चार लिटर पाणी जास्त घेईल. ते बिघाड समजू नका.

तुमचे ग्लास धुरकट कशानं झालेत हे घरीच कळेल. एका ग्लासावर अर्धं लिंबू चोळा आणि दोन मिनिटांनी धुवा. तेवढा भाग स्वच्छ झाला तर तो क्षारांचा थर आहे. सॉल्ट आणि सेटिंग सुधारली की नव्यानं येणार नाही, जुना लिंबानं किंवा व्हिनेगरनं पुसून जाईल. लिंबानं काहीच फरक पडला नाही, बोटानं काच खरखरीत लागली, किंवा उजेडात धरल्यावर इंद्रधनुष्यी झाक दिसली, तर काच खाल्ली गेली आहे. रोजचे ७० अंश आणि तीव्र पावडर काचेचा वरचा थर झिजवतात, आणि ते परत येत नाही. गंमत म्हणजे पाणी गरजेपेक्षा मऊ केलं तर ही झीज आणखी वाढते. म्हणून सेटिंग डोळे झाकून सगळ्यात वर नेऊन ठेवायची नाही, मोजून लावायची.

स्टीलच्या ताटांचं थोडं वेगळं. चिनी मातीचं भांडं शेवटच्या गरम पाण्याची उष्णता धरून ठेवतं, त्या उष्णतेनं पाणी उडून जातं. पातळ स्टील लगेच निवतं आणि थेंब तसेच राहतात. थेंब सुकला की ठिपका. रिन्स एड, म्हणजे शेवटच्या पाण्यात मशीन मिसळतं ते द्रव, हाच थेंब पसरवून घसरवून टाकतं. त्याचा डबा भरलेला ठेवा आणि मात्रा एक पायरी वाढवून बघा. सायकल संपल्यावर दहा मिनिटांनी दार चार बोटं उघडं ठेवा. आपल्या कोरड्या हवेत, पावसाळ्याचे थोडे दिवस सोडले तर, एवढ्यानं काम होतं. एक्स्ट्रा ड्राय बटण लागत नाही.

काही भांड्यांना कोणतीच सायकल नाही. ॲल्युमिनियमचा कुकर आणि कढई पावडरीच्या सोड्यानं काळी पडतात, हार्ड ॲनोडाइज्डचाही रंग जातो. लोखंडी तवा गंजतो आणि वर्षानुवर्षं मुरलेलं तेल एका दिवसात उतरतं. पितळ, तांबं, कल्हईची भांडी, काथवट, पोळपाट-लाटणं, रवी बाहेरच ठेवा. स्टीलचा कुकर चालतो, पण शिट्टी आणि रबर काढून घ्या. प्लॅस्टिकचे डबे वरच्या रॅकमध्येच ठेवा. आणि हळदीनं पिवळा झालेला डबा मशीनमधून नारिंगी-तांबूस होऊन निघाला तर घाबरू नका, सोड्यात हळद तांबडी होते, कुंकू तसंच बनतं. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, म्हणून डबा दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवा. त्या बाबतीत आपलं गाव कुणाला हार जाणार नाही.

दोन गोष्टी मशीनबाहेरच्या. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल आणि टाकी डोक्यावरच असेल तर पाण्याला दाब मिळत नाही. दहा मीटर उंचीला एक बार असा हिशेब असतो, आणि टाकी दोन-तीन मीटरवर असली तर पाव बारच्या आसपासच येतो. पुष्कळ मशीनना अर्धा बार तरी लागतो. मशीन पाणी नाही म्हणून मधेच थांबतं आणि लोक सायकलला नावं ठेवतात. छोटा प्रेशर पंप बसवा, आणि पाइपच्या तोंडाची जाळी बोअरच्या रेतीनं भरते ती अधूनमधून काढून धुवा. दुसरं, वीज गेली तर घाबरून दार उघडू नका. बहुतेक मशीन वीज आल्यावर जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. घरच्या इन्व्हर्टरवर मात्र ते लावायचं नाही, कॉइल चालू असताना दोन हजार वॉटच्या वर ओढतं.

तर तुमच्या घरासाठी मी असं लावेन. आधी बोअरच्या दिवशी पाणी मोजून सेटिंग, सॉल्ट, रिन्स एड नीट करून घ्या, फिल्टर आणि दोन्ही पंखे धुवा. मशीन क्लीनरचं पाकीट घालून रिकामं इन्टेन्सिव्ह एकदा फिरवा, म्हणजे महिनाभरात बसलेली चरबी आणि क्षार निघतील. त्यानंतर सकाळच्या डब्यांची आणि दुपारची भांडी प्री-रिन्स करून ठेवायची, त्यातच रात्रीची घालून इको. बुधवारी-रविवारी मटण झालं तर त्या रात्री खालच्या रॅकमध्ये कढई-पातेली पालथी, वर स्टीलच्या वाट्या आणि इन्टेन्सिव्ह. त्या दिवशी काचेचे ग्लास बाहेर ठेवा, दुसऱ्या दिवशीच्या इकोत जातील. नाजूक काच आठवड्याची साठवून एकदा ग्लास सायकलवर.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहुणे येतात तेव्हा हे गणित मोडणार. दिवसभर ताटं लागतात आणि चार तास थांबायला वेळ नसतो. तुमच्या मशीनला ६०-६५ अंशांची एका तासाची सायकल असेल तर दिवसा ती वापरा. क्विकपेक्षा ती कितीतरी कामाची आहे, फक्त ताटं वाळू देऊ नका आणि तिळगुळाची चिकट पातेली रात्रीच्या इकोसाठी बाजूला काढा. थंडीत टाकीतलं पाणी गार असतं, तापायला वेळ लागतो, म्हणून सायकल दहा-पंधरा मिनिटं लांबलेली दिसेल. आणि त्या आठवड्यात सॉल्ट आधीच भरून ठेवा. दिवसाला दोन-तीन लोड होऊ लागले की त्याचा दिवा नेमका पंगत बसल्यावर लागतो.